मागूर माशातील पट्टकृमींचे वर्गीकरण : एक चिकित्सा

मत्स्य-परजीवी कृमींचा अभ्यास दर्यापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही करता येतो. मासा बाजारात मिळतो आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा ठरतो. तथापि या सुलभतेतूनच 'नवीन जाती' नोंदविण्याचा मोह निर्माण झाला. मागूर माशातील अखंड शरीराच्या पट्टकृमींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोघे यांनी १९२५ मध्ये वर्णिलेली जाती आजही 'लायटोसेस्टस इंडिकस' या नावाने मान्य आहे. पुढे मात्र या माशातील नोंदलेल्या जातींची संख्या ५९ झाली. ॲश, शोल्झ व सहकाऱ्यांनी मूळ व नवे नमुने तपासून २०११ मध्ये केवळ ८ जाती ग्राह्य मानल्या.

कृमी आकुंचित असताना वा काचपट्टीखाली दाबून स्थिर केल्यास त्याच्या अवयवांची मापे बदलतात. अशा फरकास जातिभेद म्हणता येत नाही. पूर्णा खोऱ्यात कोणता कृमी कोणत्या ऋतूत व किती माशांत आढळतो, याची सलग नोंद आणि जतन केलेले नमुने हे नव्या नावाहून मोलाचे होत. विद्यार्थ्याचे श्रम रद्द झालेल्या नावाखाली गाडले जाऊ नयेत, ही जबाबदारी मार्गदर्शकाचीच आहे.