पाण्याखालचं गुपित आणि किनाऱ्यावरचा माणूस

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: पाणबुडीवर शंभरेक माणसं असतात, मग गुपित टिकतं कसं? म्हणून आज आम्ही ‘ब्लाइंड मॅन्स ब्लफ’ घेतलंय. शेरी सॉन्टॅग आणि क्रिस्टोफर ड्र्यू यांचं हे १९९८ चं पुस्तक, शीतयुद्धातल्या अमेरिकी पाणबुड्यांच्या हेरगिरीवरचं.

त्यातलं ‘हॅलिबट’चं प्रकरण बघा. १९७१ साली ती ओखोत्स्क समुद्रात गेली, तळाशी पडलेल्या सोव्हिएत नौदलाच्या टेलिफोन केबलवर टॅप बसवायला. पाणबुडीच्या पाठीवर डायव्हरांची खास कोठी होती. जगाला सांगितलं, हे बचावकार्याचं छोटं यान आहे. आतल्या खलाशांना सांगितलं, आपण सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तुकडे गोळा करायला चाललोय. आणि गंमत अशी की तुकडे खरोखरच गोळा केले! केबलचं मात्र मोजक्यांनाच ठाऊक. क्लिअरन्स मिळाला म्हणजे सगळं कळलं असं नव्हे. ज्याच्या-त्याच्या कामापुरतंच कळायचं. शिवाय समुद्र हेच मोठं कुलूप. मोहीम चालू असताना माणूस बाहेर पडणार कुठे आणि बोलणार कुणाशी?

इथवर पुस्तक झकास. आमची तक्रार पुढे सुरू होते.

गुपित फोडलं ते खलाशांपैकी कुणी नाही. फोडलं रोनाल्ड पेल्टननं. हा एनएसएचा कर्मचारी, किनाऱ्यावर टेबलाशी बसणारा. १९७९ मध्ये दिवाळं निघालं, नोकरीही सोडली, आणि जानेवारी १९८० मध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत दूतावासात शिरला. मोबदला एकूण ३५,००० डॉलर. कागद एकही नेला नव्हता, सगळं डोक्यात होतं. नोकरी संपली की क्लिअरन्स काढून घेता येतो हो, आठवण कशी काढून घेणार? लेखकद्वय मात्र त्याला खलनायक ठरवून चटकन पुन्हा समुद्रात उडी मारतात. आम्हाला वाटतं, इथे थांबायला हवं होतं. खलाशाला अंधारात ठेवायला इतका बंदोबस्त, आणि ज्याला सगळं माहीत तो कर्जबाजारी होतोय, याची दखल कुणी घ्यायची?

आणखी एक. बायकोलाही काही न सांगणाऱ्या खलाशांच्या मौनाचं या पुस्तकाला फार कौतुक आहे. पण पुस्तक उभं आहे ते त्याच खलाशांच्या नंतरच्या बोलण्यावर. ते का बोलले, ओझं झालं होतं म्हणून की अभिमान वाटत होता म्हणून, हे आम्हाला त्या केबलपेक्षाही जास्त वाचायला आवडलं असतं.