‘स्मृतिचित्रे’तले दोन जीव

वसईत बसून ‘स्मृतिचित्रे’ वाचली की ती आधी धर्मांतराची कथा वाटते. मला ती दोन तऱ्हांच्या प्रेमाची वाटते. टिळक कवी; एखाद्या ध्यासाच्या प्रेमात पडले की घर विसरत. लक्ष्मीबाईंचे लग्न १८८० साली, बालवयात झालेले. प्रेमात पडायला सवड कुठली? १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सांभाळून; स्वयंपाकही वेगळा. बाप्तिस्मा १९०० साली. याला पातिव्रत्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पतिव्रता नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला इतकी हसत नाही! प्रेमात पडलेल्याला माणूस निर्दोष दिसतो. लक्ष्मीबाईंना टिळकांचा तापटपणा स्वच्छ दिसतो. टिळक १९१९मध्ये वारले. १९३४पासून छापल्या गेलेल्या या आठवणींतही बाईंचे त्यांच्याशी भांडण चालूच आहे.