एका लायब्ररीची समीक्षा

समीक्षक व्हावं ही माझी फार जुनी हौस. कॉमर्स घेतलं म्हणून ती दबली आणि बँकेत चिकटलो म्हणून दबूनच राहिली. कथाकवितांवर लिहायचं तर 'आकृतिबंध', 'जाणिवांचे स्तर' असले शब्द हाताशी लागतात. माझी जाणीव डेबिट आणि क्रेडिट या दोन स्तरांपलीकडे कधी गेलीच नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, आम्ही एक लायब्ररी वापरतो, तिच्याबद्दल तुमचं मत हवंय," तेव्हा मला अगदी भरून आलं. मी लगेच विचारलं, वर्गणी किती आणि मासिकं घरपोच मिळतात का?

भाच्याने कपाळाला हात लावला. तो हिंजवडीला एका कंपनीत आहे आणि त्याच्याकडे लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेले आणि आपण आयते वापरायचे प्रोग्रॅमचे तुकडे. ही लायब्ररी एचसीएल नावाच्या भाषेची. हाशीकॉर्प या अमेरिकन कंपनीने ती आपल्या टेराफॉर्म वगैरे प्रोग्रॅमांसाठी तयार केली. सर्व्हर किती हवेत, केवढे हवेत, त्यांची नावं काय ठेवायची, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यायचं आणि टेराफॉर्मने ते उभे करायचे.

"म्हणजे अर्ज!" मी म्हणालो.

"अर्जच म्हणा," भाचा म्हणाला. "आणि ही लायब्ररी म्हणजे अर्ज तपासणारा क्लार्क. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

या वाक्यात मला टोमणा दिसला. पण बहिणीच्या घरी चकल्या खात होतो, तेव्हा सोडून दिला.

तर या लायब्ररीत 'स्कीमा' म्हणून एक वस्तू आहे. स्कीमा म्हणजे कोरा छापील फॉर्म. कोणते रकाने असतील, त्यातले सक्तीचे कोणते, कोणत्या मथळ्याचे चौकोन चालतील, एवढंच त्यात असतं. स्कीमा घेऊन भरलेला अर्ज तपासायची दोन कामं मला विशेष आवडली. पहिल्याचं नाव 'कंटेंट'. हा कडक गृहस्थ. फॉर्मात नसलेली एक ओळ जरी कोणी जास्त लिहिली तरी हा हरकत घेणार. दुसऱ्याचं नाव 'पार्शल कंटेंट'. हा आपल्यापुरते रकाने वाचून घेतो आणि उरलेला कागद जसाच्या तसा पुढच्या टेबलावर सरकवतो. टेराफॉर्मला याची गरज पडते, कारण कोणत्या कंपनीच्या सर्व्हरला कोणते रकाने लागतात हे त्याचं त्याला ठाऊक नसतं. ते त्या त्या कंपनीच्या जोडप्रोग्रॅमला ठाऊक असतं. मी बावीस वर्षं पार्शल कंटेंट आहे, फक्त हे नाव माहीत नव्हतं. फरक इतकाच, की आमच्याकडे पुढच्या टेबलावरचा माणूस चहाला गेलेला असतो.

आता थोडा अवघड भाग. अर्जात काही ठिकाणी नुसता आकडा नसतो, हिशेब असतो. त्याला 'एक्स्प्रेशन' म्हणतात. एक्स्प्रेशनचा हिशेब करून उत्तर काढायचं, हे उघड आहे. पण काही एक्स्प्रेशनचा हिशेब करायचाच नसतो, ती नुसती वाचायची असतात! मला हे कळेना. भाच्याने तीनदा सांगितलं, तरी कळेना. शेवटी माझं मलाच सुचलं: रद्द केलेला चेक. खातं जोडताना आपण तो मागतो. त्याचे पैसे काढत नाही. त्यावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड तेवढा वाचतो. टेराफॉर्मच्या फाइलीत 'टाइप' बरोबर 'स्ट्रिंग' असं लिहितात, तिथे 'स्ट्रिंग' म्हणजे हिशेबातली रक्कम नव्हे, नुसता वाचायचा शब्द. मे २०१९ मध्ये टेराफॉर्मची ०.१२ ही आवृत्ती आली, त्याआधी हाच शब्द अवतरणचिन्हांत घालावा लागे आणि हिशेबाला डॉलर, महिरपी कंस नि वर पुन्हा अवतरणचिन्हं असा पूर्ण पोशाख चढवावा लागे. तो उतरवला हे उत्तम झालं. लग्नातसुद्धा माणूस इतकं अंगावर घालत नाही.

असे रद्द चेक वाचणारे मदतनीस या लायब्ररीत पाचसहा आहेत. 'एक्स्प्र-लिस्ट' यादी वाचतो, 'एक्स्प्र-मॅप' जोड्या वाचतो, 'एक्स्प्र-कॉल' फंक्शनचं नाव आणि त्याला दिलेला माल वाचतो. समोर यादी नसली, तर एक्स्प्र-लिस्ट स्वच्छ सांगतो की इथे यादी हवी होती. पण त्यांचाच भाऊ 'एक्स्प्र-अ‍ॅज-कीवर्ड' पाहा. त्याच्यापुढे एकट्या शब्दाऐवजी दुसरं काही आलं, तर हा कोरा कागद परत देतो. रिकामी ओळ. का, कुठे, काय चुकलं, चकार शब्द नाही!

भाचा त्याची बाजू घेऊन भांडला. "मामा, कोणते शब्द चालतात हे त्याला कुठे माहीत असतं? ज्याने बोलावलं त्याने तक्रार लिहायची." मुद्दा बरोबर आहे. तरी समीक्षक म्हणून माझी नापसंती मी नोंदवून ठेवतो. कारण बोलावणाराही विसरला, तर अर्जदार बिचारा कोऱ्या कागदाकडे बघत उभा.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितोय, ते सांगायला हवं. या लायब्ररीतली माझ्या मते सर्वांत थोर गोष्ट म्हणजे तिची चुकांची यादी. एक चूक सापडली की ही थांबत नाही. जमतील तेवढ्या चुका एकदम गोळा करते. प्रत्येक चुकीपुढे मथळा, खाली पूर्ण वाक्यात खुलासा, ओळ कितवी, अक्षर कितवं. एवढंच नाही, रकान्याचं नाव लिहिताना एकदोन अक्षरांची गडबड झाली असेल, तर "तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?" असं विचारते. यंत्र विचारतंय!

आणि मी? दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एक आजी हयातीचा दाखला द्यायला आमच्या काउंटरवर आल्या. पीपीओ नंबर लिहिला नव्हता. मी फॉर्म परत केला. दुसऱ्या दिवशी नंबर घेऊन आल्या, तेव्हा मला दिसलं की मोबाइल नंबरचा रकाना मोकळा आहे. परत. तिसऱ्या दिवशी मागच्या पानावर सही नव्हती. तिन्ही चुका पहिल्याच दिवशी त्या कागदावर होत्या. आजी रागावल्या नाहीत. "उद्या रिक्षा मिळाली तर येते हो," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवायला लागल्या. मी, म्हणजे सक्तीचा एक रकाना रिकामा दिसला की पुढे वाचणं बंद करणारा प्रोग्रॅम, जेवायला उठलो.

भाच्याने मत विचारलं तेव्हा हे मी त्याला सांगितलं नाही. "लायब्ररी बरी आहे," म्हणालो.

पण या नोव्हेंबरात मी फॉर्म पूर्ण वाचायला लागलो. पहिल्याच आजोबांचा हातात घेतला, जुन्या व्हाउचरच्या पाठीवर त्यांच्या पाचही चुका रकान्यांच्या क्रमांकांसकट लिहिल्या, शेजारी "इथे जन्मतारीख म्हणायचं होतं का?" असंही लिहिलं. चांगली सात मिनिटं गेली. आजोबा खूश होते. त्यांच्या मागची रांग दारापर्यंत पोचली होती, आणि तिच्यातून आवाज आला, "अहो साहेब, पेपर तपासताय की पेन्शन देताय?"