वामनदादांच्या गीतांचा एक संच

दरवर्षीं २० मार्चला चवदार तळ्याच्या काठीं जनसमुदाय लोटतो, तेव्हां महाडांत पुस्तकांचीं व गीतांच्या तबकड्यांचीं दुकानें लागतात. त्यांतील एका दुकानांतून आम्हीं लोककवि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या निवडक गीतांचा संच विकत घेतला. जन्मभराच्या रचनेचें सार एकत्र मिळावें ही आमची अपेक्षा होती. ती अर्धीच पुरी झाली.

गुणांविषयीं दुमत होणार नाहीं. सिन्नर तालुक्यांतील देशवंडीस जन्मलेल्या, अक्षरओळखही मोठेपणीं झालेल्या या कवीची भाषा रोकडी आहे. दाखला घरांतला असतो आणि ध्रुवपद सभेचें असतें. ऐकणारा दुसऱ्याच फेरीस गाऊं लागतो.

दोष आहेत ते संकलनाचे. १९५६ च्या आधींचीं जागृतीचीं गीतें, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतरचा शोक आणि पुढें अनुयायांतील फुटीवर ओढलेले कोरडे, हीं सारीं येथें सरमिसळ झालीं आहेत. पालग्रेव्हनें १८६१ मध्यें इंग्रजी भावगीतांचा संग्रह करितांना काळानुसार चार भाग पाडले, त्यामुळें वाचकास काव्याची वाट दिसते. येथें ती दिसत नाहीं.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. संतांप्रमाणें वामनदादाही शेवटच्या कडव्यांत आपलें नांव गुंफीत. या संचांत कांहीं गीतांचें तेंच कडवें गाळलेलें आहे, आणि वेष्टनावर ठळक नांव आहे तें गायकाचें!

याचा परिणाम आम्हीं वर्गांत पाहिला. पोलादपुराकडील एका विद्यार्थ्यानें यांतील तीन गीतें तोंडपाठ म्हटलीं. कवि कोण असें विचारतां त्यानें गायकाचें नांव सांगितलें. हाच मुलगा तानाजीच्या उमरठचा. सिंहगडाचा पोवाडा तुळशीदासाचा, हें मात्र त्यानें न अडखळतां सांगितलें. तीन शतकांपूर्वींचा शाहीर ठाऊक, आणि २००४ पर्यंत हयात असलेला कवि अनामिक!

रसिकांनीं हा संच अवश्य ऐकावा. परंतु 'वाटचाल' व 'मोहळ' हे वामनदादांचे गीतसंग्रह हाताशीं ठेवूनच ऐकावा. संपादकांस आमची विनंति एवढीच कीं, पुढील आवृत्तींत गाळलेलीं कडवीं परत घालावीं. १९२७ सालीं या तळ्यावर माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यांत आला. त्याच काठीं विकल्या जाणाऱ्या गीतांतून त्यांच्या कर्त्याचेंच नांव खोडलें जावें, हें शोभत नाहीं.