तारखेचा तगादा

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात निर्मितीच्या खालोखाल बुद्धी आणि द्रव्य जर कशावर खर्ची पडत असेल, तर ते आगामी कृतीच्या घोषणेवर होय. आणि ह्या उपकलेची आजची अवस्था फारशी समाधानकारक नाही, असे म्हणणे प्राप्त आहे. १९९५ पासून बहुधा लॉस एंजेलिसमध्ये भरत आलेल्या ई-थ्री प्रदर्शनाने तिला एक हंगाम लावून दिला होता : जून जवळ आला की, वस्तू सिद्ध असो वा नसो, काहीतरी मांडलेच पाहिजे, मग मूळ काम बाजूस सारून, केवळ दाखविण्यापुरता एक देखणा तुकडा घडवायचा, आणि उरलेली कृती त्याच्या तेजाला पुरी पडली नाही म्हणजे पुढे कैफियती देत बसायचे. डिसेंबर २०२३ मध्ये ते प्रदर्शन कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. खोड मात्र गेलेली नाही.

ह्या संदर्भात ‘सायबरपंक २०७७’ ह्या गेमचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण माझ्या मते ते चुकीच्या कारणासाठी दिले जाते. वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट ह्या कंपनीने तो मे २०१२ मध्ये, म्हणजे प्रकाशनाच्या आठ वर्षांहून अधिक काळ आधी, जाहीर केला, हाच तिचा अपराध मानण्यात येतो. परंतु जानेवारी २०१३ मधील ट्रेलरच्या अखेरीस, गेम तयार होईल तेव्हा येईल, एवढेच सांगितले होते, आणि २०१८ मध्ये दाखविलेल्या ४८ मिनिटांच्या खेळावरही काम अपुरे असल्याची सूचना होती. येथवर फिर्यादीस जागा नाही. दोष शिरला तो जून २०१९ मध्ये, किआनू रीव्ह्ज ह्या नटाला व्यासपीठावर आणून, टाळ्यांच्या गजरात १६ एप्रिल २०२० ही तारीख मुक्रर करण्यात आली तेव्हा. ती तीनदा तहकूब झाली. अखेर १० डिसेंबरला जो गेम बाजारात उतरला, तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ह्या जुन्या यंत्रांवर इतका मोडकळीला आलेला होता, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेऊन ग्राहकांना पैसे परत देऊ केले. समीक्षकांच्या हाती आगाऊ पडली होती ती फक्त पीसीवरील प्रत, ही गोष्ट तर लबाडीच्या अगदी शेजारची.

ह्यावर उतारा म्हणून काहींनी मौन पत्करले. ‘हाय-फाय रश’ २५ जानेवारी २०२३ रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीस आला. पण पाठीशी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा आणि तिचे वर्गणीदार उभे असल्यावर असे मौन परवडते. शिवाय मौनही निरुपद्रवी नसते. ‘सिल्कसाँग’च्या ऑस्ट्रेलियन कर्त्यांनी कित्येक वर्षांच्या शांततेनंतर, अवघ्या दोन आठवड्यांच्या अवधीने, ४ सप्टेंबर २०२५ ही तारीख जाहीर केली, तेव्हा त्याच सुमारास आपापले गेम आणू पाहणाऱ्या अनेक लहान स्टुडिओंना आपल्या तारखा घाईघाईने पुढे ढकलाव्या लागल्या.

लहानांना तर लवकर बोलल्यावाचून गत्यंतरच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, ते उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही, तरी काम नेटाने चालू ठेवून त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये तो गेम निन्टेन्डो स्विचवर आणला. अशा मंडळींना, तयार झाल्यावर बोला, असा उपदेश करणे म्हणजे भांडवलाची अट घालणेच होय.

मला मनापासून पटते ती ‘हेडीस’ची रीत. डिसेंबर २०१८ मध्ये ज्या रात्री तो जाहीर झाला, त्याच रात्री तो अपूर्णावस्थेत, अपूर्ण म्हणूनच, विकत मिळू लागला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. तारखा तेथेही होत्या. पण मुखपृष्ठावरचे घड्याळ मोजत असे ते फक्त पुढच्या मोठ्या भरीला उरलेले दिवस, आणि तोवरचा भाग ग्राहकाच्या हातात खेळून पाहायला पडलेला असे.