बग कोणाचे, कारागिरी कोणाची?

मंडळी, 'सायबरपंक २०७७' हा गेम आठवतो ना? १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर पार कोलमडला. खेळता खेळता बंद पडायचा. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. लोक चिडले, चिडणारच, पूर्ण किंमत मोजली होती त्यांनी.

पण शिव्या खाल्ल्या कोणी? डेव्हलपर्सनी. आता बघा, तारीख त्यांनी ठरवली नव्हती. शेवटच्या आठवड्यांत त्यांना सहा-सहा दिवस राबवलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये पोलंडच्या या कंपनीचे सहप्रमुख मार्चिन इव्हिन्स्की यांनीच जाहीरपणे सांगितलं, की दोष टीमला देऊ नका, निर्णय आम्हा वरच्यांचा होता.

म्हणून समीक्षेत दोन हिशेब वेगळे मांडायला हवेत. नाइट सिटीतल्या प्रत्येक वस्तीचा बाज निराळा आहे. जॅकी बोलायला लागला, की जुना मित्र शेजारी बसलाय असं वाटतं. हे पहिल्या दिवशीही होतंच, बगांच्या ढिगाखाली. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटमध्ये तर याच कंपनीने पोलीस आणि कौशल्यांची व्यवस्था नव्याने बांधली, तीही फुकट.

जुन्या कन्सोलवाल्यांना मात्र ते अपडेट मिळालंच नाही. तेव्हा डेव्हलपर्सचं कौतुक मनापासून करू या; पण कंपनीची उधारी त्यात वळती करायची नाही.