अद्भुताची बांधिलकी

अद्भुतकथा आणि रहस्यकथा यांच्याकडे परिवर्तनवादी वाचक संशयाने पाहतो. या संशयाला सबळ कारणे आहेत. ज्या देशात चमत्कारांच्या कथा रचून शूद्रातिशूद्रांना पिढ्यान्‌पिढ्या दास्यात ठेवले गेले, तेथील जागा झालेला माणूस अद्भुताला सहजासहजी आपले म्हणणार नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) अवतारकथांची चिरफाड केली ती याचसाठी. मराठी कादंबरीचा आरंभही आपल्याला आश्वस्त करणारा नाही. 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या मागोमाग आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायिकेवर संकटांची मालिका कोसळते, आणि शेवटी सज्जनांचे भले होऊन ग्रंथ समाप्त होतो. ज्या व्यवस्थेत संकट जन्मते ती व्यवस्था जागची हलत नाही.

प्रश्न असा आहे की दोष अद्भुताचा, की ते ज्यांच्या हाती होते त्यांचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय लेखिकांच्या कादंबऱ्या विचारात घ्याव्या लागतात. ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९) आणि ज्युएल गोमेझ यांची 'द गिल्डा स्टोरीज' (१९९१). काळ्या अमेरिकेशी आपले नाते जुने आहे. अवतारकथांची चिरफाड करणारी 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्यांना, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. पण तेथील कविता व आत्मचरित्रे यांची आपल्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी या अद्भुत कादंबऱ्यांची झाली नाही.

'किंड्रेड'ची नायिका डाना ही १९७६ मधल्या कॅलिफोर्नियात राहणारी काळी लेखिका आहे. सव्विसाव्या वाढदिवशी तिला भोवळ येते आणि ती एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. मळेवाल्याचा मुलगा रूफस नदीत बुडत असतो. ती त्याला वाचवते. पुढे जेव्हा जेव्हा रूफसचा जीव धोक्यात येतो तेव्हा तेव्हा ती तिकडे ओढली जाते, आणि स्वतःच्या मरणाची भीती वाटली की परत येते. काळ कसा ओलांडला जातो याचे स्पष्टीकरण लेखिका देत नाही. त्याची गरजही नाही. बोलावणे केव्हा येईल हे डानाला ठाऊक नसते, म्हणून ती औषधे, चाकू असे सामान भरलेली पिशवी अंगाला बांधून बसते. या कादंबरीतील उत्कंठा अशी आहे. मालकाची लहर केव्हा फिरेल, आपले मूल केव्हा विकले जाईल, हे ज्यांना कधीच ठाऊक नसते त्यांचे संपूर्ण आयुष्य म्हणजे टांगती तलवार. बटलर यांनी रहस्यकथेचे तंत्र त्या आयुष्यातून उचलले आहे.

डानाचा नवरा केव्हिन गोरा आहे. एकदा तोही तिच्याबरोबर ओढला जातो. त्या काळात गोरा म्हणून त्याला मान मिळतो, आणि तिला मात्र त्याची गुलाम असल्याचे सोंग करावे लागते. समतेच्या पायावर झालेल्या लग्नाखालची जमीन किती पातळ आहे हे या एका प्रसंगात दिसते. डाना नायजेल नावाच्या गुलाम मुलाला चोरून वाचायला शिकवते आणि पकडली गेल्यावर तिच्या पाठीवर चाबूक ओढला जातो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचीच बंदी होती त्या आपल्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पण या कादंबरीचे खरे बळ याहून कठोर जागी आहे. रूफस हा डानाचा पूर्वज आहे. ॲलिस नावाच्या काळ्या स्त्रीपासून त्याला मुलगी झाली तरच डानाचा वंश पुढे चालणार. ॲलिसला तो नको आहे. तो बळजबरी करणार हे उघड आहे, आणि ॲलिसची समजूत घालण्याचे काम तो डानावरच सोपवतो. डाना ते करते. येथे नायिकेचे हात स्वच्छ राहत नाहीत. पुढे आपली मुले विकली गेली असे समजून ॲलिस गळफास घेते. शेवटी रूफस डानावरच हात टाकतो, तेव्हा ती त्याला भोसकते आणि परत येते, पण तिचा डावा हात भूतकाळातच राहतो. आजच्या बाजारात 'कणखर नायिका' म्हणून हातात तलवार दिलेल्या बाया पुष्कळ मिळतील. त्या कोणतीही किंमत न मोजता जिंकतात. डाना जगते, पण अपंग होऊन. शोषितांचे सामर्थ्य असेच असते.

'गिल्डा'ची जात वेगळी. १८५० च्या लुइझियानात गुलामीतून पळालेली एक मुलगी, अंगावर आलेल्या माणसाला ठार मारून तळघरात लपते. तिला आश्रय देणारी गिल्डा ही रक्तावर जगणारी, अमर स्त्री आहे. तिची सहचरी बर्ड ही लाकोटा आदिवासी. ती मुलीला वाचायला शिकवते. पुढे मुलगीही त्या अमरांत सामील होते, गिल्डाचे नाव घेते आणि २०५० पर्यंतची दोन शतके पाहते. युरोपातील रक्तपिपासू हा वाड्यात राहणारा सरदार होता, रयतेचे रक्त पिणारा. गोमेझ यांनी तो उलटा केला. त्यांची गिल्डा रक्त घेते, पण जीव घेत नाही, आणि बदल्यात त्या माणसाच्या मनात एखादे स्वप्न, एखादी हिंमत ठेवून जाते. रक्ताच्या शुद्धतेवर उभ्या असलेल्या समाजाला दिलेले हे उत्तर आहे. शेवटी धनिक लोकच अमरत्वासाठी या अमरांची शिकार करू लागतात, हेही सुसंगत आहे.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. गिल्डाजवळ अलौकिक शक्ती आहे, त्यामुळे कित्येक प्रकरणांत धोक्याची धार बोथट होते. डानाची भीती अंगात शिरते, तशी गिल्डाची शिरत नाही.

प्रकाशनाचा इतिहासही बोलका आहे. 'गिल्डा' काढली ती न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील फायरब्रँड बुक्स या लहान स्त्रीवादी संस्थेने. 'किंड्रेड' निघाली मोठ्या प्रकाशनगृहातून, पण तिला १९८८ मध्ये पुन्हा वाचकांपुढे आणले ते बोस्टनच्या बीकन प्रेस या स्वतंत्र संस्थेने. लघुनियतकालिकांच्या आणि पदरमोड करून चालवलेल्या अंकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या आपल्या साहित्याला यात नवल वाटू नये.

आपल्याकडे 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' असताना या अद्भुताची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे. आत्मकथनाची स्मृती आजीपर्यंत, फार तर पणजीपर्यंत पोचते. त्यापलीकडच्या बाईने लिहून ठेवले नाही, कारण तिला लिहू दिले गेले नाही. तिच्याविषयी जे लिहिले ते इतरांनी, आपल्या सोयीने. तिच्या उंबऱ्यापर्यंत जायला कागदोपत्री वाट नाही. बटलर यांनी अशीच नसलेली वाट कल्पनेने पाडली, आणि त्या वाटेवर चमत्कार फक्त जाण्यापुरता ठेवला. पोचल्यावर जे दिसते ते सारे खरे आहे. आपल्या तरुण लेखिकांनी ही वाट धरली, तर अनुभवाच्या प्रामाणिकपणाला बाध येणार नाही. अनुभवाची हद्द तेवढी मागे सरकेल.